गल्लीतल्या कॅफेची कांदेनवमी

पहाटे पावणेसहा

शटर वर करते तेव्हा गल्लीतले दिवे अजून चालू असतात. आमचं कॅफे पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत. तळमजल्यावरचं जुनं बिऱ्हाड, आत मोजकी टेबलं, बाहेर आंब्याखाली एक बाक. आज कांदेनवमी. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की या भागातल्या कितीतरी घरांत कांदा-लसूण चार महिने बंद होतं, म्हणून नवमीला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा. कालच संध्याकाळी ओट्याखाली कांद्याचं पोतं येऊन पडलंय.

पहिलं काम एस्प्रेसो मशीन चालू करण्याचं. पाणी लवकर तापतं, पण जिथून ते कॉफीवर पडतं तो धातूचा जड भाग आणि मुठीचा फिल्टर तापायला वेळ घेतात. ते कोमट राहिले तर ९३ अंशांचं पाणी कॉफीपर्यंत पोचता पोचता थंड होतं आणि कप आंबट उतरतो. तेवढ्यात दुधाचे क्रेट येतात. कॉफीला मी गाईचंच दूध वापरते. म्हशीचं दूध चहाला उत्तम, पण त्याची स्निग्धता चांगल्या कॉफीतला फळांचा स्वाद झाकून टाकते.

सव्वासहा

आता चक्की लावायची. दिवसातलं सगळ्यात निगुतीचं काम हेच, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी ते व्हायलाच हवं. हिशेब सोपा आहे: १८ ग्रॅम पूड, त्यातून सुमारे ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पूड सपाट करून दाबायची, मूठ मशीनला अडकवायची, काटा शून्यावर आणून कप खाली ठेवायचा. पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही. मग तळाशी काळे थेंब जमतात, त्यांची धार होते, धार तपकिरीची सोनेरी व्हायला लागते. धार भरभर उतरली तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. रेंगाळली तर कडू होते, जीभ कोरडी पडते.

कालच्याच आकड्यावर आज धार रेंगाळली. हवेत ओल आहे, पूड ती ओढून घेते आणि दाबल्यावर घट्ट बसते. चक्की एक खूण जाड केली. हीच पिशवी आणखी आठवडाभर जुनी झाली की उलट करावं लागेल. भाजताना बियांमध्ये कोंडलेला वायू हळूहळू निघून जातो, पाण्याला अडवणारं काही उरत नाही आणि चक्की बारीक करावी लागते. म्हणजे चव कालचीच ठेवायची तर कृती रोज बदलायची. तिसरी मूठ बरोबर उतरली. हाताखालच्या मुलाने चाखली, मान हलवली, म्हणाला, "ताई, झालं. आता हात लावू नका."

सध्या पिशवीत चिकमगळूरकडची अरेबिका आहे, जात एस-७९५. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात तयार झालेला हा वाण. तांबेऱ्याने एकोणिसाव्या शतकात सिलोनचे कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले होते. त्या रोगापुढे तग धरेल आणि चवीलाही उतरेल असं झाड हवं होतं, त्यासाठी केंट जातीशी संकर करून हा वाण काढला. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणल्या, ही कथा सगळे सांगतात आणि ती सुंदर आहेच. पण आज आपल्या कपात जे येतं त्यात बाळेहोन्नूरच्या शास्त्रज्ञांचा वाटा फार मोठा आहे आणि त्यांची आठवण मात्र कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४२ च्या कॉफी कायद्याखाली मळ्यातली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा व्हायची. कोणी जपून फक्त पिकलेली लाल फळं तोडली काय आणि कोणी हिरवी-पिवळी एकत्र ओरबाडली काय, साठ्यात सगळं एकच. हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ मध्ये पूर्ण सुटलं. त्यानंतरच मळेवाल्याला आपला माल आपल्या नावाने विकता आला, पिशवीवर मळ्याचं नाव, वाण आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली जाऊ लागली. कॉफीला शंभरपैकी गुण देतात, ८० किंवा त्याहून जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी. पण गुण द्यायला आधी माल वेगळा ठेवता आला पाहिजे, आणि ती मुभा मिळायला इतकी वर्षं लागली.

सात

टेकडीवरची मंडळी खाली यायला लागतात. वेताळ टेकडी पावसात निसरडी होते, तरी यांचं फिरणं चुकत नाही. बुटांना लाल चिखल, हातात मिटलेल्या छत्र्या. बाहेरचा बाक त्यांचाच. यांना दुधाची कॉफी लागते, कमी साखरेची आणि चटका बसेल इतकी गरम. दूध ६० ते ६५ अंशांवर सगळ्यात गोड लागतं, पुढे गेलं की गोडवा मावळून उकळलेल्या दुधाचा वास येतो. हे मी पूर्वी समजावून सांगायची. आता कप आधी कढत पाण्याने तापवून देते. ओठाला चटका बसतो आणि दूधही जळत नाही.

यांच्यातल्या एका काकांना मात्र जायफळाची कॉफी लागते. पुण्यातल्या जुन्या घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ उगाळलेली. पाहुणे आले, जागरण असलं, की तीच. काही कॉफीवाले याला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जायफळाची कॉफी हा आपल्याकडचा अस्सल प्रकार आहे आणि तिच्यासाठी जरा गडद भाजलेली कॉफी निवडली तर ती फारच छान होते. आम्ही ती यादीत ठेवलीय आणि जायफळ कपावरच किसतो.

"आज कांदाभजी कधी?" काकांनी विचारलं.

"चारला या."

"चारला झोपलेलो असतो. पाचला येतो, माझी बाजूला ठेवा."

साडेआठ ते दहा

ऑफिसला जाणारी गर्दी. कॅपुचिनो, मस्का टोस्ट, अंड्याची पोळी, दाराशी उभं राहून घोटलेला एस्प्रेसो. बोलायला कोणाला वेळ नसतो, आम्हालाही.

साडेदहा

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी थालिपिठाला बसतात. भाजणी त्यांची स्वतःची: ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे, सगळं वेगवेगळं भाजलेलं. एकत्र भाजलं तर बाजरी करपते आणि हरभरा डाळ कच्ची राहते. आज नेहमीच्या दुप्पट कांदा. कांदा चिरून त्याला आधी मीठ लावून ठेवतात, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवतात, वरून पाण्याचा नुसता हबका. ओल्या फडक्यावर गोळा थापायचा, बोटाने मधोमध एक आणि कडेने चार भोकं पाडायची, फडकं उचलून तव्यावर उपडं टाकायचं आणि अलगद सोडवायचं. भोकांत तेल सोडलं की तिथून आधी बुडबुडे, मग खमंग वास. झाकण ठेवायचं, उलटायचं, पुन्हा झाकण नाही.

मावशींना वजनकाटा लागत नाही. हाताखालचा मुलगा एकदा त्यांच्या गोळ्यांचं वजन करत बसला होता, फरक जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा. मशीनवर त्याला जे साधायला काटा आणि घड्याळ लागतं, ते त्यांच्या तळहाताला ठाऊक आहे.

थालिपिठाबरोबर लोणी आणि फिल्टर कॉफी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हलकी भाजलेली, फळांच्या अंगाची कॉफी भाजणीपुढे टिकत नाही. चिकोरी घातलेली दाट फिल्टर कॉफी टिकते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपाली या हॉटेलांनी पुण्याच्या पिढ्यांना तिची सवय लावलेली आहे आणि ती सवय चांगली आहे.

साडेबारा ते अडीच

दुपारी मऊ भात. आंबेमोहर तांदूळ, भरपूर पाणी, मंद आच, शिजल्यावर पळीने घोटलेला. वर मेतकूट, तूप, बाजूला लिंबाचं लोणचं आणि भाजलेला पापड. कॅफेच्या यादीत हा पदार्थ पाहून नवखी माणसं थबकतात. पण जवळच एक मोठं हॉस्पिटल आहे, आणि तिथे रात्र काढलेल्या माणसांना दुपारी हेच खावंसं वाटतं.

आज दोघी बहिणी आल्या होत्या. हातात फाइल, गळ्यात भेटीचा पास. एकीला काहीच नको होतं. दुसरीने मऊ भात मागवला. ताट आलं, वाफेबरोबर मेतकुटातल्या मेथी-हिंगाचा वास आला, तशी नको म्हणणारीने चमचा उचलला. मग दुसरं ताट गेलं. त्यांनी मेतकूट कुठलं, असं विचारलं. मावशी आतून म्हणाल्या, "घरचंच आहे, पुडी बांधून देते. रूमवर गरम भात मिळाला की कालवा."

वेगळ्या मळ्याची, वेगळ्या वाणाची कॉफी आली की मी हौसेने पाटी लिहिते, लोकांना नवी चव दाखवते. मऊ भाताला यातलं काहीही लावू देत नाही. यात क्विनोआ घाला, वर मायक्रोग्रीन्स ठेवा, अशा सूचना येतात. ज्याला आधार हवा आहे त्याच्यासमोर नवलाई ठेवू नये. तो भात गेल्या वेळी लागला तसाच लागला पाहिजे. त्यासाठी मावशी तांदूळ जुना आहे की नवा ते बघून पाणी कमीजास्त करतात, मी सकाळी चक्की हलवते तसंच.

साडेतीन

थोडी उसंत. भाजणाऱ्याकडून नमुने आलेत, ते चाखायचे. दोन्ही एकाच मळ्यातले. एकात फळाचा गर धुऊन काढून बिया वाळवल्या आहेत, दुसऱ्यात फळ अख्खंच उन्हात वाळवलंय. धुतलेली स्वच्छ, लिंबाच्या अंगाची. अख्खी वाळवलेली पिकलेल्या फणसाकडे झुकणारी, आंबूस-गोड. शेजारच्या टेबलावर भांडारकर संस्थेत काम करणारी एक अभ्यासक नेहमीसारखी मुद्रितं तपासत होती, तिलाही दोन वाट्या दिल्या. तिने धुतलेली उचलली. मीही तीच घेणार, रोज पिण्याची ती आहे. दुसरी थोडी मागवून आठवड्याच्या शेवटी ठेवू.

मग हिशेब. ब्राझीलमध्ये पाऊस कमी झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. चिकमगळूरचा मळेवालाही त्याच भावाकडे बघून विकतो. त्यामुळे इथला कप महागला, आणि लोक विचारतात तेव्हा मी हे सगळं सांगते. मळ्यात सावलीच्या झाडांखाली, मिरीच्या वेलांमधून, एकेक लाल फळ हाताने खुडलं जातं. खोडकिडा लागला तर झाड उपटून जाळावं लागतं. तो कप स्वस्त असू नये असं मला मनापासून वाटतं. मऊ भाताचा दर मात्र शक्य तितका धरून ठेवलाय.

पाच ते आठ

काका वेळेवर आले. पाऊसही आला. बाहेरची माणसं आत घुसली, टेबलं जोडली गेली, फिल्म इन्स्टिट्यूटची पोरं ओळख नसलेल्या आज्यांच्या शेजारी बसली. भज्यांचा घाणा एकामागून एक. पातळ उभा कांदा, ओवा, तिखट, त्याच्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ. खेकडा भजी म्हणतात ती हीच. चहा मागणाऱ्यांना चहाही दिला. कॉफीचं दुकान असलं तरी भज्यांबरोबर चहा हवा असेल त्याला चहाच द्यावा.

साडेआठ

मशीन उलट दाबाने धुऊन घेतलं, वाफेची नळी पुसली, चक्कीतल्या उरलेल्या बिया डब्यात काढल्या. दिवसभराचा चोथा दोन बादल्या भरला. मागच्या इमारतीतल्या आजी तो गच्चीवरच्या कंपोस्टला नेतात, त्यांचा नातू घ्यायला आला होता.

त्याच्या मागोमाग त्या स्वतःच आल्या. "चातुर्मास आहे माझा. चार महिने तुमचं थालीपीठ बंद म्हणायचं का?"

"बंद कशाला?" मावशी म्हणाल्या. "कांद्याऐवजी दुधी किसून घालते. दुधीलाही पाणी सुटतं, पीठ तितकंच खुसखुशीत होतं."

"परात तीच असेल ना पण?"

यावर मावशींनी माझ्याकडे बघितलं. उद्याच्या यादीत मी लिहिलं: एक परात, एक तवा, एक उलथनं, नवीन, कांदा न लागलेलं. खाली साबुदाणा, शेंगदाणे, वरई, राजगिरा, एकादशीसाठी. आणि त्याखाली दुधी, पाच किलो.