कोब्यावरचा जुना थर

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावरचा कारखाना रंगवायला काढला, की जमिनीचा कोबा सगळ्यात शेवटी आठवतो. त्यावर आधी सीलर मारलेला असेल, तर नवा रंग थेट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

परीक्षा सोपी आहे. चार थेंब पाणी टाकायचं. मुरलं तर ठीक. मोत्यासारखं उभं राहिलं, तर जुना थर अजून शाबूत! तिथे ॲसिडही कुचकामी, कारण ते सिमेंटपर्यंत पोचतच नाही. आधी तेल-ग्रीस धुवायचं, मग हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडर फिरवायचं.

१९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या सिमेंट लाद्यांत रंग वरच्या थरातच दाबलेला असतो. कोब्याला तो वरून द्यावा लागतो.

रंगाआधी ओलही तपासावी: प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली ओल धरली, तर इपॉक्सी रंगाची घाई नको. पावसाळ्याची ओल सुकू द्यावी, काम दिवाळीनंतरच काढावं.