बेचाळीस दिवसांचा हंगाम

भिलाईहून धमतरी, कांकेर आणि केशकाळचा घाट करत दक्षिणेला गेलात, तर जवळपास ३०० किलोमीटरवर जगदलपूर लागतं. तिथून जवळच डिमरापाल आहे. विनोबांचे शिष्य धर्मपाल सैनी यांनी १९७६ साली इथे आदिवासी मुलींसाठी आश्रम सुरू केला. नाव माता रुक्मिणी. विनोबांच्या आईचंही नाव हेच. शिक्षणाबरोबर मुलींना धावायला, खेळायला लावायचं, ही सैनीजींची जुनी सवय.

आता २०२२ चा एप्रिल आठवा. देशातल्या सर्वांत वरच्या महिला फुटबॉल स्पर्धेत, म्हणजे इंडियन विमेन्स लीगमध्ये, बारा संघ भुवनेश्वरला जमले होते. त्यांत बस्तरचा 'माता रुक्मणी' होता, मुंबईचा पिफा होता, गोव्याचा सिरवोदे होता. १५ एप्रिलला सुरू झालेली लीग २६ मेला संपली. प्रत्येक संघाला अकरा सामने, सगळे एकाच शहरात, ओडिशाच्या ऐन उन्हाळ्यात. हिशेब करून पाहा: साधारण दर चौथ्या दिवशी एक सामना. दुखावलेला पाय बरा व्हायला तरी वेळ कुठला?

त्याच वर्षी इटलीच्या महिला लीगमध्येही बाराच संघ होते. तिथे मात्र ऑगस्ट ते मे असा हंगाम चालला आणि प्रत्येक संघ बावीस सामने खेळला, निम्मे आपल्या गावात, निम्मे पाहुण्यांच्या. युव्हेंटसने सलग पाचव्यांदा विजेतेपद मिळवलं. त्यानंतर १ जुलै २०२२ पासून तिथल्या खेळाडूंना पूर्ण व्यावसायिक दर्जा मिळाला. म्हणजे फुटबॉल हीच नोकरी.

आपल्याकडचा हंगाम छोटा होता, पण शेवट असा की चित्रपटवाल्यांनाही सुचू नये. कोळिकोडचा गोकुलम केरळ आणि मदुराईचा सेतू, दोघेही दहापैकी दहा सामने जिंकून अखेरच्या दिवशी समोरासमोर आले. गोकुलमला बरोबरीही पुरली असती. तिसऱ्याच मिनिटाला सेतूने गोल केला! मग गोकुलमच्या आशालतादेवीने पेनल्टीवर बरोबरी साधली, घानाच्या एलशद्दाई अचेम्पाँगने आघाडी दिली आणि पंजाबच्या मनीषा कल्याणने तिसरा गोल केला. ३–१. छत्तीसगड, मुंबई, गोव्याचे संघ तक्त्यात बरेच खाली राहिले, पण अशा संघांसमोर उभं राहून आले, हे मी तरी लहान मानत नाही.

आणि या विजेत्यांना मिळालं काय? ऑगस्टमध्ये गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, बातमी आली की फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली आहे. भांडण कारभाऱ्यांचं, शिक्षा खेळाडूंना. २६ तारखेला बंदी उठली, पण तोवर गोकुलमचा सामना हुकला होता. एकही सामना न खेळता संघ परतला. मनीषा मात्र तोवर सायप्रसच्या अपोलोन संघात गेली होती. १८ ऑगस्टला ती युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथे खेळणारी पहिली भारतीय!

पुढच्या वर्षीही बस्तरचा संघ लीगमध्ये होता, या वेळी अहमदाबादच्या उन्हात. मग २०२३–२४ मध्ये लीग बदलली. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने होऊ लागले, हंगाम काही महिने चालला. पण संघ उरले सात. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सामने आले बारा, भुवनेश्वरपेक्षा फक्त एक जास्त. त्या सातांत छत्तीसगडचा, महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा एकही संघ नव्हता. एखादी मुलगी तेव्हा डिमरापालमध्ये चेंडू मारत असेल, तर त्या हंगामात तिच्या घरापासून सर्वांत जवळचा सामना पुन्हा भुवनेश्वरलाच होता.