फोटोसाठी संगणक घेताय? पैसे आधी पडद्यात घाला

केरीची फेरीबोट सोडून तेरेखोलच्या किल्ल्यात भर दुपारी शिरलं, की कॅमेऱ्याची कसोटी लागते. आतल्या चर्चची पांढरी दर्शनी भिंत उन्हात डोळे दिपवते, आणि तटाच्या चिऱ्यांच्या कोपऱ्यात गडद सावली. कॅमेऱ्याने थेट जेपेग काढला तर दोहोंपैकी एक हातचं जातं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फायलीत १६,३८४. सावलीतला चिरा मागाहून उजळता येतो तो या जादा पायऱ्यांच्या जिवावर. ते काम मात्र घरच्या संगणकाने करायचं.

पेडणे-डिचोलीत लग्नं, चवथ, शिगमो, दहीकाले टिपणारी पोरं कमी नाहीत. संगणक घ्यायला ती म्हापशाला जातात आणि बजेट सांगितलं की पुढ्यात येतं ते रंगीबेरंगी दिव्यांचं गेमिंगचं खोकं. त्यात मोठा पैसा ग्राफिक्स कार्डात गेलेला असतो आणि पडदा कुठलातरी स्वस्तातला. फोटोवाल्यासाठी हा हिशेबच उलटा आहे. का, ते कळायला एका फोटोच्या मागे जाऊ.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर रंगीत गाळण्यांची जाळी असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग ठाऊक असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने काढायचे. दाबून न साठवलेली अशी फाइल ४२ एमबीची. पण डार्कटेबलसारखी फुकट मिळणारी प्रणाली ती उघडते तेव्हा दर ठिपक्यामागे १६ बाइट धरते आणि त्याच फोटोची मेमरीतली एक प्रत ३८४ एमबीची होते. संस्करणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अशा एकाहून जास्त प्रती एकाच वेळी लागू शकतात. ८ जीबी रॅम इथेच गुदमरते. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कवर टेकू शोधतो आणि तुम्ही माऊस हलवत बसता. १६ जीबी ही किमान पायरी, ३२ असेल तर उत्तम. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्या. मेमरीला दोन वाटा मिळतात आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

प्रोसेसर सहा कोअरचा, मधल्या किमतीचा पुरे. विंडोज आणि चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा; जुने फोटो फिरत्या हार्ड डिस्कवर गेले तरी बिघडत नाही.

ग्राफिक्स कार्ड कधी लागतं? दहीकाल्याचं नाटक रात्रभर चालतं. मंचावर उजेड बेताचा, राक्षस उड्या मारतोय, म्हणून आयएसओ ६४०० वर न्यावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या एआय पद्धतीने तो पुसायचा तर साध्या ग्राफिक्सवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात, चांगल्या कार्डावर काही सेकंद. रात्रीची कामं नेहमी असतील तर ८ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. लग्नं आणि निसर्गचित्रं एवढंच असेल तर ते पुढच्या वर्षावर ढकला.

आता पडदा. माझ्या मते एकूण पैशातला चौथा हिस्सा इथे जावा. टीएन पॅनेलवर मान थोडी हलवली की सावली बदलते. मग चिरा किती उजळला हे ठरवायचं कशावरून? आयपीएस घ्या. खोक्यावर ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर एसआरजीबीतले जेमतेम दोनतृतीयांश रंग दिसतील, आणि एसआरजीबी हे तर १९९६ साली सुचवलेलं साधं, सर्वत्र चालणारं माप. ते जवळजवळ १०० टक्के हवंच. रंग जुळवायचं कॅलिब्रेटर चार-पाच फोटोग्राफरांनी मिळून घ्यावं, रोज लागत नाही. आणि खोलीची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर डोळा तिच्या रंगाला सरावतो आणि फोटोतले रंग चुकीचे जोखतो. करडा किंवा पांढरा चुना फुकटात पडल्यासारखा आहे.

पैसे फारच कमी असतील तर कचेऱ्यांतून निघालेला, दुरुस्त केलेला डेस्कटॉप वाईट नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच बघा; त्याआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा यंत्राचा पॉवर सप्लाय लहान असतो, पुढे मोठं कार्ड बसवायचं स्वप्न बघू नका. वाचलेल्या पैशात यूपीएस आणि बाहेरची डिस्क घ्या. खारी हवा आणि मृगाच्या विजा हमी बघत नाहीत, म्हणून फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असू द्या.

दुकानात जाताना स्वतःच्या रात्रीच्या चार-पाच रॉ फायली पेनड्राइव्हवर न्या आणि निवडलेल्या यंत्रावर, निवडलेल्या पडद्यावर उघडून बघा. दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.