बॉल येण्याआधी पाय: टेनिस कोर्टवर हलायचं कसं?

या भागात आकडे आणि ड्रिल्स बरीच आहेत, आणि गाडी चालवता चालवता ऐकून ती काही लक्षात राहणार नाहीत. म्हणून हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अॅक्च्युली" थोडे कमी केलेत.

आधी पार्श्वभूमी सांगतो. मी दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर बसतो. रविवारी सकाळी साडेसहाला बाबांबरोबर मातीच्या कोर्टवर टेनिस खेळतो. बाबा एकोणसाठ वर्षांचे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी अठ्ठावीसचा. आणि स्कोअर? बहुतेक वेळा ६-२, बाबांच्या बाजूने. मी घामाने निथळतोय आणि हे आपले टोपीसुद्धा सरळ करायची गरज नाही अशा थाटात. मला वाटायचं, त्यांचा हात बसलाय, माझा अजून बसायचाय. म्हणून मी फोरहँडचे व्हिडिओ बघायचो, रॅकेट बदलली, स्ट्रिंगचं टेन्शन बदललं. स्कोअर ६-२ च.

मग पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात पाय मुरगळला. चूक माझीच. मी रनिंगचे शूज घालून खेळत होतो. रनिंगचा शूज सरळ पळायला बनवलेला असतो: टाच उंच, सोल मऊ. टेनिसमध्ये आपण सारखे आडवे पळतो आणि आडवेच थांबतो. अशा वेळी उंच, मऊ सोल एका बाजूला दबतो आणि घोटा त्याच्यावरून बाहेर कलंडतो. टेनिसच्या शूजचा सोल बसका, कडेने टणक असतो तो यासाठीच. तर पहिला धडा फुकटात घ्या: रॅकेटच्या आधी शूज.

सहा आठवडे बाकावर बसून होतो. काही काम नाही म्हणून बॉल सोडून बाबांचे पायच बघायला लागलो. आणि लक्षात आलं की हा माणूस पळतच नाहीये. तो आधीच तिथे असतो.

दीड सेकंदाचा हिशोब

सिंगल्सचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद. आमच्यासारख्या रविवारच्या खेळाडूचा बॉल रॅकेटवरून साधारण ताशी ८० किलोमीटरने निघतो असं धरू, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. हवा त्याला अडवते, टप्पा पडल्यावर तो आणखी मंदावतो. म्हणजे या बेसलाइनवरून त्या बेसलाइनवर यायला दीडेक सेकंद.

दीड सेकंदात आपल्याला चार कामं करायची असतात: बॉल कुठे चाललाय ते ओळखणं, तिथे पोचणं, थांबणं आणि मारणं. डोळ्याने पाहून शरीर हलेपर्यंतच पाव सेकंदाच्या आसपास जातो. तो वेळ कुणालाच चुकत नाही. उरलेल्या सव्वा सेकंदात किती वाया घालवायचा, एवढंच आपल्या हातात. सॉरी, पायात.

स्प्लिट स्टेप: छोटी उडी, मोठा फरक

समोरचा बॉल मारायला रॅकेट पुढे आणतो, त्या क्षणी आपण दोन्ही पायांवर बारीकशी उडी मारायची. त्याची रॅकेट बॉलला लागते तेव्हा आपण हवेत, आणि बॉल कुठे चाललाय हे कळतं तेव्हा आपले चवडे जमिनीवर. उडी किती? पायाखालून वर्तमानपत्राची घडी सरकेल एवढीच. उंच मारली तर हवेतच वेळ जातो.

याने होतं काय? खाली येताना गुडघे किंचित वाकतात, पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेली स्प्रिंग सुटावी तसा तो ताण पहिल्या पावलात वापरता येतो. सपाट तळव्यांवर ठोंब्यासारखा उभा असलेला माणूस आधी वाकणार, मग वजन हलवणार, मग निघणार. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद पडलाय आणि रिक्वेस्ट आल्यावर बूट होतोय.

सरावलेल्या खेळाडूंचं आणखी एक दिसतं: उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय जमिनीला आधी टेकतो. म्हणजे उतरता उतरताच उजवीकडे ढकलणं सुरू. हे मुद्दाम करायला जाऊ नका. उडीची वेळ जमली की हळूहळू ते आपोआप येतं.

मी बरा झाल्यावर मोबाईल कुंपणाला बांधून ६० फ्रेमचा व्हिडिओ काढला आणि मोजलं. समोरच्याने बॉल मारल्यानंतर माझं पहिलं पाऊल २५ फ्रेमनंतर पडत होतं, म्हणजे ०.४ सेकंदांपेक्षा जास्त. बाबांचं १३-१४ फ्रेममध्ये. एकतीस वर्षांनी मोठा माणूस प्रत्येक बॉलला माझ्याआधी निघत होता. तुम्हीही हे मोजून बघा, पैसे लागत नाहीत आणि अहंकार चांगला उतरतो.

पावलं कुठली, कधी

बॉल जवळ, दोन-तीन पावलांवर असेल तर छाती नेटकडे ठेवून बाजूला सरकायचं. लांब असेल तर सरकत बसू नका, पोचणार नाही. बॉलकडचा पाय बाहेर वळवा, कंबर वळवा, दुसरा पाय त्याच्यावरून आडवा टाका आणि सरळ पळा.

बॉलजवळ पोचताना मात्र पावलं लहान करायची. कार पार्क करताना शेवटच्या फुटाला आपण हळूहळू पुढे-मागे करतो ना, तसं. लांब ढांगा टाकत आलात तर बॉल एकतर अंगात घुसतो, नाहीतर हाताबाहेर राहतो. मातीवर घसरत जायचं असेल तर घसरणं बॉल मारण्याच्या आधी सुरू होऊन मारताना संपत आलेलं हवं. मारून झाल्यावर घसरलात तर परत यायला तेवढंच जास्त अंतर.

आणि डोक्यावरून लॉब गेला तर उलट पावलांनी कधीही मागे पळू नका. टाच अडकते आणि माणूस पाठीवर पडतो. आधी आडवं वळा, मग मागे जा.

परत कुठे यायचं? नववीची भूमिती

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती. प्रत्येक फटक्यानंतर मी इमानदारीत बेसलाइनच्या मधल्या खुणेवर परत यायचो. बाबा नाही यायचे. विचारलं तर म्हणाले, "अरे, तो कुठे कुठे मारू शकतो ते बघ, आणि त्याच्या मधोमध उभा राहा. कोर्टच्या मधोमध कशाला?"

म्हणजे कोनदुभाजक! घरी येऊन मी गणित मांडलं. समजा मी उजव्या बाजूला, मधल्या खुणेपासून ३ मीटरवर आहे आणि क्रॉसकोर्ट मारला. बॉल आता समोरच्याच्याही उजव्या कोपऱ्यात. तो दोन टोकाचे फटके मारू शकतो: एक सरळ माझ्या डाव्या रेषेवर खोल, दुसरा तिरका माझ्या उजव्या रेषेवर, सर्व्हिस लाइनच्या आसपास. या दोन्हींमधला कोन दुभागला तर ती रेघ माझ्या बेसलाइनला मधल्या खुणेच्या उजवीकडे सुमारे ०.९ मीटरवर छेदते. म्हणजे मला फक्त २.१ मीटर परत यायचंय.

तिथूनच मी सरळ, डाउन द लाइन मारला तर? चित्र आरशासारखं उलटतं. आता योग्य जागा खुणेच्या डावीकडे ०.९ मीटर. मला ३.९ मीटर जायचंय. जवळजवळ दुप्पट!

शिवाय क्रॉसकोर्टचा कर्ण २५.१५ मीटर, म्हणजे सरळपेक्षा सुमारे १.४ मीटर जास्त, त्यामुळे बॉलला वेळ लागतो. आणि नेट मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर, खांबांपाशी १०७. सगळीच गणितं क्रॉसकोर्टच्या बाजूची. मी मात्र हिरोगिरी करत डाउन द लाइन मारायचो आणि मग चार मीटर धावायचो. बाबा ते बघत निवांत मोकळ्या जागेत बॉल टाकायचे.

सराव: आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं

एक, दोरीच्या उड्या. चवड्यांवर, हलक्या. एक मिनिट उड्या, अर्धा मिनिट आराम, असं पाच वेळा.

दोन, लंगडी. हसू नका. एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलणं हा घोट्याचा उत्तम व्यायाम आहे, आणि तो आपण शाळेच्या मैदानावर फुकट शिकलोय. दोन्ही पायांनी करा. घोटा नुकताच दुखावला असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारा.

तीन, स्पायडर. बेसलाइनचे दोन कोपरे, सर्व्हिस लाइनची सिंगल्सच्या रेषेवरची दोन टोकं आणि सर्व्हिस लाइनचा मध्य, अशा पाच ठिकाणी बॉल ठेवा. मधल्या खुणेवर रॅकेट आडवी ठेवा. एकेक बॉल आणून तिच्यावर ठेवायचा. एकूण अंतर सुमारे ५५ मीटर, पण थांबायचं दहा वेळा. खरा व्यायाम त्या थांबण्याचाच. खो-खो खेळलेल्यांना हे जमतं, कारण खांबापाशी वेग मारून वळायची त्यांना सवय असते.

चार, रॅली खेळताना समोरच्याने बॉल मारला की मोठ्याने "हॉप" म्हणायचं आणि उडी मारायची. पहिले दोन रविवार लाज वाटते. तिसऱ्या रविवारी "हॉप" म्हणायची गरज राहत नाही.

आता स्कोअर काय?

तीन महिन्यांनी माझ्या २५ फ्रेमच्या १७ झाल्या. एका रविवारी सेट ६-४ असा मी जिंकला. पण त्याच सुमारास डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, सिंगल्स बंद. झीज वाढलीये. म्हणजे मी शिकलो तेव्हा मॅचच संपली.

दोन आठवडे ते कोर्टवर आलेच नाहीत. मग मी त्यांना रोहन बोपण्णाची गोष्ट सांगितली: गुडघ्यांत कूर्चा उरली नसताना, अय्यंगार पद्धतीच्या योगाची मदत घेत तो खेळत राहिला आणि २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. डबल्सचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद, पण दोघांत वाटून प्रत्येकी साडेपाच मीटर. सिंगल्सच्या दोन-तृतीयांश. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, बेताने, चालेल.

आता रविवारी आम्ही एका बाजूला असतो. लॉब आला की मी पळतो, बाबा जागा धरतात आणि ओरडतात, "मध्ये ये, मध्ये!" मधोमध म्हणजे कुठे, ते आता मला कळतं.

तुमचा फ्रेमचा आकडा किती आला ते मोजून नक्की कळवा. पुढच्या भागात सर्व्हिसचा टॉस. तोवर शूज तपासा, आणि चवड्यांवर राहा!