जावळीच्या खोऱ्यातली माणसे : एक मागोवा

जावळी तालुक्याचे ठाणे मेढा वेण्णाकाठी वसले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी शिक्षण सातारा शहरापर्यंत पोचले होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बालक भीमराव आंबेडकरांचे नाव तिथल्याच सरकारी हायस्कुलात दाखल झाले. डोंगरातल्या पोराला मात्र साताऱ्यात राहायचे कुठे आणि खायचे काय, हा पहिला प्रश्न असे.

त्याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापलेली रयत शिक्षण संस्था 1924 मध्ये साताऱ्याला आली आणि तिच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसू लागली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 मध्ये त्या वारल्या. कर्मवीरांचे नाव घेताना या माउलीचे नाव मागे राहते, हे बरे नाही.

मास्तर घडवण्यासाठी 1935 मध्ये ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे साताऱ्यालगतच्या यवतेश्वरपासून व्हॉलंटरी शाळांना सुरुवात झाली. इमारतीची वाट न पाहता देवळात, चावडीत वर्ग भरत. अशा 578 शाळा संस्थेने चालवल्या. डोंगरी वाड्यांच्या दृष्टीने कॉलेजांपेक्षाही हेच काम मोलाचे ठरले.

सार्वजनिक जीवनात भिलारचे भि. दा. भिलारे गुरुजी ठळकपणे दिसतात. स्वातंत्र्यसैनिक असलेले गुरुजी पुढे जावळीचे आमदार झाले. 1944 मध्ये पाचगणीत गांधीजींवर चालून आलेल्या नथुराम गोडसेला आपण अडवले, असे ते अखेरपर्यंत सांगत. गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने मात्र ते सिद्ध झाल्याचे मानले नाही. 4 मे 2017 रोजी भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि त्याच जुलैत गुरुजी गेले.

पोटासाठी मुंबई गाठणे ही खोऱ्याची जुनी रीत. कुणी गोदीत, कुणी बाजारात, कुणी पोलिसात. केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लष्करातून मुंबई पोलीस दलात आले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात, गिरगाव चौपाटीवर, हाती फक्त लाठी असताना, त्यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात घुसल्या तरी पकड सुटली नाही, म्हणूनच कसाब जिवंत सापडला. 2009 च्या प्रजासत्ताकदिनी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.