सायबर सुरक्षेची नोकरी: पॅकेज किती, हातात किती?

बारावी झालेल्या मुलीच्या घरी हल्ली एक जाहिरात हमखास पोचते: सहा महिन्यांचा सायबर सुरक्षेचा कोर्स करा, लाखांचे पॅकेज मिळवा. मग फीसाठी गटाकडे कर्जाचा अर्ज येतो. तो मंजूर करण्याआधी हे काम काय आणि त्यात पैसा किती, ते आज पाहू.

शेताची राखण करावी तशी ही संगणकांची राखण. बँकेच्या, कंपनीच्या यंत्रणेत कोणी परका शिरतो का, हे पडद्यावर रात्रंदिवस बघायचे आणि संशय आला की वर कळवायचे. चोर शिरला तर काय होते, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये अनुभवले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात आणखी वळवले गेले. एकूण ९४ कोटी! त्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. म्हणजे कल्याण-डोंबिवलीतल्या सहकारी बँकांनाही अशी माणसे लागतात. मोठ्या कंपन्या मात्र ऐरोली-घणसोली पट्ट्यात. ठाण्याला लोकल बदलून जावे लागते.

आता पगार. नवख्या मुलीला वर्षाला साधारण ३ ते ५ लाख सांगतात. समजा ३ लाख ६० हजार. आपण लगेच महिना ३० हजार धरतो आणि तिथेच फसतो. मालकाचा आणि तिचा असा दोन्हीकडचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर हे सगळे त्यातूनच जाते. हातात २५ हजारांच्या आसपास येतात. त्यातून भाडे आणि लोकलचा पास. कर्जाचा हप्ता या आकड्यावर ठरवा, जाहिरातीतल्या नव्हे.

पुढे पगार चढतो, पण आपोआप नाही. हल्ला कसा झाला याचा तपास किंवा यंत्रणेतल्या फटी शोधणे शिकलेल्यांना चार-पाच वर्षांत ८ ते १२ लाख मिळू शकतात, दहा वर्षांनी २० लाखांच्याही पुढे. नुसता पहारा आता बराचसा यंत्रेच करू लागली आहेत. तिथेच थांबलेलीचा पगारही थांबतो.

आमचे मत विचाराल तर आधी पदवी, मग महागडा कोर्स. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. हे काम आवडते का, ते केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर किंवा सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या प्राथमिक कोर्समध्ये फुकट पाहता येते. तरीही क्लास लावायचाच असेल, तर मागच्या तुकडीतल्या मुलींची नेमणूकपत्रे दाखवायला सांगा. ‘नोकरीची हमी’ आणि फी परतीची अट कागदावर घ्या.

रात्रपाळीचे आईवडिलांना फार वाटते, आणि या कामात ती असतेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवले तर सुरक्षेची व घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते. ही गाडी टिटवाळ्यापर्यंत, आसनगावपर्यंत येणार का, हे मुलाखतीतच विचारून घ्यायला लावा.