३४ आणि ६४

बार्शीत संख्याशास्त्र शिकवत होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एक प्रश्न घालायचे. एका इस्पितळात दहा वर्षांपूर्वी वर्षाला कॅन्सरचे शंभर पेशंट यायचे, आता तीनशे येतात. कॅन्सर वाढला का? अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणायचा. मग मी विचारायचे, मधल्या काळात तिथं नवं मशीन आलं असेल तर? एसटी थेट दारात थांबायला लागली असेल तर? शेजारच्या जिल्ह्यातली माणसंही इकडंच यायला लागली असतील तर? तीनशे हा नुसता अंश झाला. किती माणसांमागे तीनशे, हे कळत नाही तोवर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचा, “मग मॅडम, गावंच्या गावं मोजायची का?”

मोजायची. आणि ती आमच्याच भागात मोजली गेली आहेत, हे त्या पोरांना ठाऊक नसायचं.

एखाद्या ठरावीक लोकसंख्येतल्या प्रत्येक कॅन्सरची नोंद ठेवायला भारतात सुरुवात झाली १९६३ साली, मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीकडून. मुंबईचं एक बरं असतं. रोगी शेवटी कुठल्या तरी इस्पितळात जातोच, आणि मेला तर दाखल्याशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत. इस्पितळांचे कागद आणि पालिकेची मृत्युनोंद धुंडाळली की बहुतेक जण सापडतात. खेड्यात ही सोय कुठली? ऐंशीच्या दशकात परांड्याकडची एखादी बाई अंगावरून जातंय हे महिनोन्‌महिने घरात कुणाला सांगायची नाही. पुढं खंगायची, घरच्या घरीच जायची, आणि अग्नी शेताच्या बांधाला. कागदोपत्री तिला कॅन्सर झालेलाच नसायचा.

म्हणून १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिला उलटा रस्ता धरावा लागला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी मिळून हे काम उभं केलं, डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने ही त्यातली मोठी नावं. रोगी येईल म्हणून वाट न बघता नोंदणीची माणसंच गावोगाव फिरायला लागली. जाणत्या मंडळींना भेटायचं, कुणाला गाठ आहे, कुणाची जखम भरत नाही, कुणाला पाळी गेल्यावरही रक्त जातंय, हे विचारायचं, रोगाची लक्षणं समजावून सांगायची, शंका वाटेल त्याला तपासणीला आणायचं. कुणी गेलं असेल तर का गेलं, हे घरच्यांकडून काढून घ्यायचं. मग पुन्हा काही महिन्यांनी त्याच गावात.

या मोजणीतून दोन गोष्टी दिसल्या. एकूण कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा आमच्याकडं बरंच कमी होतं. पण बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत वर होता. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. काही वर्षांतच या रोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात इस्पितळात येऊ लागल्या, आणि जास्त जगू लागल्या. नवं औषध नव्हतं, तपासणीची मोहीमही अजून नव्हती. कुणीतरी दारात येऊन विचारत होतं, एवढंच. आजार मोजायला गेलेल्या माणसांनी आजाराचं मोजमापच बदलून टाकलं. आमच्या शास्त्रात याला दोष म्हणतील. म्हणोत बापडे.

आता रोगाबद्दल थोडं. हा कॅन्सर ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही या विषाणूमुळं होतो. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउजन यांनी हे ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण म्हणून त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. तो इतका सर्रास आहे की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होऊन जातो, आणि बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो घालवूनही टाकतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्या पेशी हळूहळू बिघडतात. कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढी मुदत देणारा कॅन्सर विरळा. बिघाड आधी सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो, सगळी पिशवी काढावी लागत नाही.

बिघाड शोधायचे तीन मार्ग. पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ही पॅप तपासणी. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचंच पाणी लावायचं. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तिसरा मार्ग, विषाणूच आहे का ते थेट प्रयोगशाळेत तपासायचं. श्रीमंत देशांत पॅप वर्षानुवर्षं चालली होती. पण जिथं बाईची तपासणी आयुष्यात एकदाच होण्याची आशा, तिथं यातली कुठली करावी? उत्तर जगात कुणाकडंच नव्हतं.

ते शोधण्याचा प्रयोग १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाला. बार्शीचं इस्पितळ, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था; तिथले डॉ. आर. शंकरनारायणन प्रमुख. गावांचे ५२ गट पाडले आणि जणू चिठ्ठ्या टाकून त्यांची चार भागांत वाटणी केली. बायका सुट्या न वाटता गावं का वाटली? कारण एकाच वाड्यात थोरलीची एक तपासणी आणि धाकटीची दुसरी, हे चालायचं नाही. दुपारपर्यंत अख्ख्या आळीत चर्चा होईल आणि प्रयोग बोंबलेल. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका यात आल्या. एका भागात एचपीव्ही, एकात पॅप, एकात व्हिनेगर, तेही प्रत्येकीला एकदाच. चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था, तपासणी नाही. मग आठ वर्षं सगळ्यांचा माग.

निकाल २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यातला एक तक्ता मी पुढं कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून द्यायचे. तपासणी नसलेल्या ३१,४८८ बायकांत ११८ जणींना हा कॅन्सर निघाला. एचपीव्ही भागातल्या ३४,१२६ बायकांत निघाला १२७ जणींना. मुलं चमकायची. तपासलेल्यांत जास्त? मग फायदा काय झाला?

इथं थांबायचं आणि पुढचा रकाना वाचायचा. रोग पसरलेल्या, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातल्या बायका तपासणी नसलेल्या भागात ८२. एचपीव्ही भागात ३९. तपासणीनं रोग जास्त सापडला, पण कोवळा असताना सापडला. तिसऱ्या रकान्यात मृत्यू. तिकडं ६४, इकडं ३४. छेद लावून लाखाच्या हिशेबात बघा: तिकडं सुमारे दोनशे, इकडं शंभर. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू निम्मे झाले.

पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मृत्यूंत ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. दोन्ही शेवटी डोळ्यांवर अवलंबून. बघणारा थकतो, चुकतो. एचपीव्हीची तपासणी यंत्र वाचतं. शिवाय तिचा ‘नाही’ भरवशाचा निघाला. विषाणू नाही असं निदान झालेल्या २४,३८० बायकांपैकी पुढच्या आठ वर्षांत फक्त ८ जणींना कॅन्सर झाला.

मात्र व्हिनेगर अगदीच टाकाऊ असं समजू नका. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मुंबईतल्या झोपडवस्त्यांत दीड लाखांवर बायकांवर दुसरा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी करवली. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली हा निकाल जाहीर झाला. म्हणजे एकदा बघून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघितलं तर भागतं. दोन्ही निकाल एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

वाद झाला तो चौथ्या भागावरून. तपासणीनं जीव वाचतो हे पॅपमुळं आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे, हे बरोबर होतं का? परदेशातल्या आणि आपल्याकडच्याही काही डॉक्टरांनी हे कडक शब्दांत विचारलं. संशोधकांचं म्हणणं, या भागात एरवी काहीच मिळत नव्हतं, तेच चौथ्या भागाला मिळालं. मला हे उत्तर पुरतं पटत नाही. आणि तरी, तो भाग नसता तर ३४ हा आकडा चांगला की वाईट हे कुणाला सांगता आलं नसतं, हेही मला कळतं. ६४ हा आमच्या भागातल्या बायकांचा आकडा आहे, एवढं विसरू नये.

बार्शीचा हात आणखी एका निकालात आहे. २००९ मध्ये एचपीव्हीच्या लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघायला देशातल्या नऊ केंद्रांवर दहा ते अठरा वयाच्या मुलींना लस द्यायला घेतली. त्यात पुणं होतं आणि बार्शीही. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि २०१० मध्ये सरकारनं सगळंच थांबवलं. जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. प्रयोग मोडला म्हणून संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं माग ठेवला. २०२१ साली दिसलं की विषाणूच्या सगळ्यांत घातक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनंही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं, दोन-तीन डोसांइतकंच. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसला मान्यता दिली. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वतःची लस २०२३ मध्ये बाजारात आली.

आता जरा कडू. नेदरलँड्सनं आणि ऑस्ट्रेलियानं २०१७ साली पॅप मागं टाकून एचपीव्हीची तपासणी राष्ट्रीय पातळीवर आणली. ज्या पुराव्यांवर जग इकडं वळलं त्यात आमच्या जिल्ह्याचा पुरावा मोठा. आणि आमच्याकडं? केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही कुठलीही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा रोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कॅन्सरची भीती घालून काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये तुम्हीही वाचल्या असतील. भीती गावागावांत पोचली, तपासणी पोचली नाही.

“आपल्या बायका तयारच होत नाहीत,” असं मला डॉक्टरांनीही ऐकवलंय. साफ खोटं. धाराशिवच्या एचपीव्ही भागात दहातल्या जवळपास आठ जणी तपासून गेल्या, वीसहून जास्त वर्षांपूर्वी, खेड्यात. कारण कुणीतरी दारात जाऊन नीट सांगितलं होतं. मी सुद्धा आमच्या गल्लीत सांगत असते. समोरच्या अक्का म्हणाल्या, “मला काय हुतंय? धडधाकट हाय की मी.” म्हटलं, अक्का, ही तपासणी धडधाकट बाईचीच असते. त्यावर त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि सुनेला विचारलं, “तू कधी जाणार हाईस?” दोघी मिळून गेल्या.

घरात तिशी ओलांडलेली बाई असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची तपासणी मागा. परवडत असेल किंवा सोय असेल तर एचपीव्ही तपासणी असं नाव घेऊन मागा. ही एचपीव्ही तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, निदान एवढी तरी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य आहे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर मात्र कुठल्याही मोहिमेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि कुणी तपासणीशिवायच “पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल” म्हणालं, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.